शिफ्ट इन्चार्ज, टिटवी विभाग

घुबडाकडे बोट दाखवून, ‘हाऊ थर्ड शिफ्टना माणूस शे, झोपू द्या त्याले,’ असं दबक्या आवाजात सांगणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे पंडितनाना.

नानांच्या हिशेबी जगातली सगळी पाखरं ड्युटीवर असतात. कोतवाल फर्स्ट शिफ्टचा, कारण पहाटे सगळ्यांच्या आधी तो हजर. घार जनरल शिफ्टची, ऊन तापलं की दहाच्या सुमारास साहेबासारखी येते. घुबडं, वटवाघळं, रातवे थर्ड शिफ्टला. कावळ्याचं काय, असं मी एकदा विचारलं. नाना म्हणाले, “मॅडम, कावळा युनियनचा माणूस. त्याला शिफ्ट लागू नाही.”

नाना दीपनगरच्या वीज केंद्रात छत्तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होते. रिटायर झाल्यावर शिरपूरजवळच्या आपल्या गावी आले. त्याच सुमारास आम्ही चार-सहा हौशी मंडळींनी गावाबाहेरच्या अकरा एकर मुरमाड जमिनीवर निसर्ग केंद्र सुरू केलं होतं. मी शिरपुरात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते, म्हणून चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. गवत, बाभळी, एक जुनी चिंच, एक पाणवठा आणि एक पत्र्याची शेड, एवढाच आमचा संसार. नाना पहिल्या दिवशी सकाळी सहाला डबा आणि जाडजूड लॉगबुक घेऊन आले आणि म्हणाले, “चार्ज कुणाकडून घ्यायचा?”

आता चार्ज द्यायला तिथं होतं कोण? मी सात वाजता पोहोचले तेव्हा नानांनी नोंद करून टाकली होती: ‘हजर कोणी नाही. बाभळीकडून चार्ज घेतला. बठ्ठं नॉर्मल शे.’

ते लॉगबुक अजून चालू आहे. आणि ‘बठ्ठं नॉर्मल शे’, म्हणजे सगळं नॉर्मल आहे, हे नानांचं पालुपदही. शेडचा पत्रा उडाला तरी बठ्ठं नॉर्मल. फक्त पुढं ‘पत्रा वगळून’ असं लिहायचं.

केंद्रात आत जायचं तर परमिट लागतं. हो, परमिट! वीज केंद्रात यंत्राला हात लावण्याआधी लागतं तसं. धुळ्याहून एक निवृत्त प्राचार्य वीस जणांच्या गटासह फुलपाखरं बघायला आले, तर नानांनी प्रत्येकाकडून तीन ठिकाणी सह्या घेतल्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं. प्राचार्य म्हणाले, “अहो, फुलपाखरू डोक्यात पडून कुणी मेल्याचं ऐकलंय का?” नाना म्हणाले, “अपघात होण्याआधी सगळे असंच म्हणतात.” मी लाजेनं अर्धी झाले. पण गंमत बघा, त्या दिवशी पिवळी फुलपाखरं त्या वीस पिवळ्या हेल्मेटांभोवती अशी काही घुटमळली की प्राचार्यांच्या डोक्यावर एकदम तीन बसली. बिचारे मान न हलवता पंधरा मिनिटं उभे होते. तेव्हापासून हेल्मेटबद्दल बोलायची माझी सोय उरली नाही.

हिवाळ्यात आमची पक्षीगणना असते. खरं सांगायचं तर ती भरीत पार्टी असते. खान्देशात नुसत्या पक्ष्यांसाठी थंडीत पहाटे कोण उठतंय? कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जाणार, ही बातमी फुटली की गणनेला दीडशे माणूस जमतं. पहिल्या वर्षी सगळा जाळ झुडपांच्या तोंडाशीच पेटवला आणि सकाळी सातलाच धुरानं झाडी भरून गेली. एक पाखरू दिसेना. निरीक्षणाचे फॉर्म गोळा केले, तर ‘दिसलेले पक्षी’ या रकान्यात लोकांनी लिहिलं होतं, ‘भरीत झकास, मिरची जरा कमी.’ माझं डोकं फिरलं. नाना मात्र शांत. थोड्या वेळानं धुरातून पळणारे किडे टिपायला कोतवालांची टोळीच आली. नानांनी लॉगबुक उघडलं: ‘धुरामुळे बठ्ठी पाखरं शटडाऊनवर. कोतवाल ओव्हरटाइमला.’

तर असा हा प्राणी. हसण्यावारी नेण्यासारखा. पण या माणसाला जिवाभावाची अशी एकच गोष्ट हवी होती, आणि ती लॉगबुकात कुठं लिहिता येत नव्हती. त्यांची मुलगी मंगल. एकुलती एक. ती नरडाण्याला दिलेली. आता नरडाणा काही अमेरिकेत नाही. शिरपूरहून निघालं की चहाची तलफ येण्याआधी पोहोचतो माणूस. पण मंगलची आई गेल्यापासून, सहा वर्षं झाली, ती आखाजीला माहेरी आली नव्हती.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्याकडं दिवाळी एक वेळ चुकेल, पण आखाजीला लेक माहेरी यायलाच हवी. आंब्याचा रस, सांजोऱ्या, गौराई आणि झाडाझाडाला बांधलेले झोके. चाळिशी-पन्नाशीच्या बाया, सासरी सुनांना धाक दाखवणाऱ्या, त्या दिवशी पदर खोचून झोक्यावर उभ्या राहतात आणि किंचाळतात. आमच्या केंद्रात चिंचेला झोके बांधायचा कार्यक्रम नानांनीच सुरू केला. कारण विचारलं तर म्हणाले, “लोकसहभाग.” डोंबलाचा लोकसहभाग! झोके बांधले की दिवसभर ते फाटकाकडे तोंड करून बसायचे. फाटकातून कुणीही बाई आली की उठायचे आणि परत बसायचे. मला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण विचारायची हिंमत होत नव्हती.

यंदा कार्यक्रमाला चार आठवडे असताना नाना चुन्याच्या रेघा मारायला गेले आणि धापा टाकत शेडमध्ये आले. “मॅडम, शटडाऊन! पूर्ण शटडाऊन!”

मला वाटलं, साप निघाला. निघाली टिटवी. चिंचेपासून दहा पावलांवर, जिथं झोके खेळून दमलेल्या बाया बसतात नेमक्या तिथंच, उघड्या मुरुमावर, चार अंडी घालून बसली होती. टिटवी घरटं-बिरटं करायच्या भानगडीत पडत नाही. खड्यांत खड्यासारखी अंडी, आणि जवळ गेलं की डोक्यावर येऊन टिटिटिव् टिटिटिव् करून अख्ख्या तालुक्याला बातमी.

नानांनी तासाभरात दोरी ओढली, ‘धोका’ लिहिलेली लाल पाटी लावली आणि दोरीबाहेर खुर्ची टाकली. ‘शिफ्ट इन्चार्ज, टिटवी विभाग’ असा कागदही पाठीला चिकटवला. स्वतःच्या नव्हे, खुर्चीच्या. मी म्हटलं, “नाना, आणि झोके?” त्यांनी दोरीची गाठ पुन्हा आवळली. मग हळूच म्हणाले, “मंगलला निमंत्रण गेलेलं आहे.” म्हणजे बघा, ज्या कार्यक्रमाच्या आशेवर हा माणूस वर्षभर असतो, तोच त्यानं एका टिटवीपायी स्वतःच्या हातानं बंद केला. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “वेडा आहे.” मी म्हटलं, “वेडाच आहे,” आणि उगाचच भांडी आपटली.

एप्रिलच्या अखेरचं आमच्याकडचं ऊन काय सांगू! त्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसून, आणि नाना छत्री घेऊन खुर्चीवर. एक दिवस मला फोन. “मॅडम, आत्ताच्या आत्ता या!” कॉलेज सोडून गेले. नाना छत्रीनं पाणवठ्याकडं खुणा करत होते. “बघा, बघा! पाणवठ्यावर जाते, पोट भिजवते, येऊन अंड्यांवर बसते. कूलिंग वॉटर! छत्तीस वर्षं मी पंप सांभाळले मॅडम, एवढा वक्तशीर पंप पाहिला नाही.” जीवशास्त्र मी शिकवते, पण ते पोट भिजवणं मीही तेव्हाच पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. हे मी त्यांना सांगितलं नाही. नाही तर आमच्या कॉलेजलाही परमिट लावलं असतं.

मग शेतकरी यायला लागले. टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस चांगला आणि खोलात घातली तर बेतास बात, असं आमच्याकडं मानतात. चार अंडी म्हणजे चारी महिने पाऊस. पण ही बया सपाटीवर बसलेली! दोरीबाहेर रोज वाद. एक म्हणे उंचवटा आहे, दुसरा म्हणे खळगा आहे. एका आबांनी तर चक्क पाण्याची पातळी बघायची गवंड्याची नळी आणली. नानांनी सगळ्यांना परमिट भरायला लावलं. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात आबांनी लिहिलं, ‘पाऊस.’

इथवर ठीक होतं. पण आखाजीला दोन दिवस उरले आणि बायांचा मोर्चा आला. पुढं सिंधूअक्का. सिंधूअक्का म्हणजे आमच्या गावच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचा आवाज ऐकून टिटवीसुद्धा गप्प झाली.

“नाना, बठ्ठ्या पोरी सासरहून येऊन राहिल्या. त्या झोका कोठे खेळतील? पाखरासाठी सण बंद? आणि ती बी टिटवी! सणाच्या दिवशी टिटवी ओरडणं चांगलं असतं का?”

नाना कूलिंग वॉटर समजावून सांगायला लागले. अक्कांनी हात वर केला. “माले पंप नका शिकाडू. एक सांगा, या भवानीपायी इतकं का?”

नाना उठून उभे राहिले. छत्री खाली पडली. “अक्का,” ते म्हणाले, “आखाजीले आंडेर माहेरले येस. हाई येल शे. बाळंतपणाले येल शे. तिले मी कसं सांगू, ऊठ, जाय म्हणून?”

आखाजीला लेक माहेरी येते. ही आलीय, बाळंतपणाला आलीय. एवढंच ते बोलले. बायांमधली कुजबुज एकदम थांबली. पण सिंधूअक्का कच्च्या गुरूची चेली नव्हे.

“हाई येल शे, ते दखं आम्ही. आणि तुमनी मंगल?”

“मेसेज टाकेल शे,” नाना म्हणाले.

“काय टाकेल शे?”

नानांनी मोबाईल काढून दाखवला. अक्कांना चष्मा नव्हता, म्हणून मी वाचला. ‘निसर्ग केंद्र, आखाजी कार्यक्रम. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे. सोबत पाण्याची बाटली आणावी.’ वर मागच्या वर्षीचा मेसेज, त्याच्या वर त्याच्याही मागच्या वर्षीचा. सहाच्या सहा, अक्षर न अक्षर सारखे. सगळ्यांना जातो तोच तिला.

बाया आधी हसल्या. एकीला तर ठसका लागला. मग अक्का जी सुरू झाल्या! “अहो नाना, आंडेरले कोणी मेसेजवर बलावतस का? ती काय मीटिंगले येस का? पाण्याची बाटली आणावी म्हणे! मुराळी कोण गया तिले लेवाले?”

मुराळी म्हणजे लेकीला सासरहून आणायला जाणारा माहेरचा माणूस. बापानं जावं, भावानं जावं, कुणी तरी जावंच. त्याशिवाय स्वाभिमानी लेक उंबरा ओलांडत नाही. सासरची माणसं काय म्हणतील? मंगलला भाऊ नाही. आधी तिचे मामा जात असत. आई गेली, मागोमाग मामाही गेले.

“तुम्ही कितीदा गयात?” अक्कांनी विचारलं.

नानांनी खाली पडलेली छत्री उचलून मिटली. “एकदाही नाही,” ते म्हणाले. “नोकरीत सणाला सगळ्यांना रजा हवी असायची. मी म्हणायचो, जा तुम्ही, मी बसतो. मला बरं वाटायचं. माझ्यामुळं चार जणांच्या घरी आखाजी व्हायची.” मग जरा थांबून, “आता पण कसा जाऊ? एक-दोन दिवसांत पिल्लं निघतील. रिलीव्हर येस नही तवलोंग खुर्ची सोडानी नही.” बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा त्यांचा कंट्रोल रूमचा नियम.

“उना रिलीव्हर,” अक्का म्हणाल्या, आणि पदर खोचून खुर्चीवर बसल्या. “झोके गावातल्या निंबाला बांधू. आणि इथं आम्ही बसतो. उठा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना निघाले. निघाले म्हणजे काय, चार्ज द्यायलाच दीड तास लागला. बारा बायांचं वेळापत्रक, प्रत्येकीची सही. मुंगसाचं काय करायचं, कुत्र्याचं काय, शेतकरी आबांचं काय. पहिली बस गेली, दुसरी गेली. शेवटी मीच ओरडले, “नाना, टिटवी अंडी सांभाळेल हो, तुम्ही लेक सांभाळा!” असं मोठ्यांशी बोलू नये, पण बोलले. ते तडक काळीपिवळीत जाऊन बसले. डोक्यावरचं हेल्मेट तसंच होतं. ड्रायव्हरही त्यांच्याकडे बघत राहिला.

मागं बायांनी लॉगबुक कसं लिहिलं, ते मी जपून ठेवलंय. ‘आठ वाजता: टिटवी बसली. साडेआठ: टिटवी उठली, आमच्यावर ओरडली, आम्ही पण ओरडलो. साडेनऊ: कमलच्या सुनेविषयी बोलणं झालं. टिटवी ऐकत होती. अकरा: कुत्रं आलं, चप्पल मारली, चप्पल सापडत नाही. बारा: एक पिल्लू! साडेबारा: अजून दोन! सव्वा वाजता: चौथं! आईची तब्येत चांगली. बठ्ठं नॉर्मल शे, चप्पल वगळून.’

सव्वीस दिवस त्या खुर्चीत नाना ज्याची वाट पाहत होते, ते असं बारा बायांच्या गलक्यात झालं आणि नाना नव्हते. त्यांना फोन लावावा म्हणून मी तीनदा मोबाईल हातात घेतला आणि तीनदा ठेवला. तिकडं काय चाललंय कुणास ठाऊक. मंगल नाही म्हणाली तर? सहा वर्षांचा राग काही थोडाथोडका नसतो. नानांनी तिथंही सह्या मागितल्या तर?

साडेचारला फाटकाशी काळीपिवळी थांबली. आधी नाना उतरले, हातात मोठी निळी बॅग. मग मागून पन्नाशीला आलेली एक ठेंगणी बाई, चष्मा लावलेली, नाक अगदी नानांचं. मी धावलेच. नाव-गाव झालं, पाणी दिलं. मंगलताई शेडच्या सावलीत टेकल्या आणि हसायला लागल्या.

“अहो मॅडम, दारात हेल्मेट घालून उभे! सासूबाईंना वाटलं, मीटर तपासायला आले. घरात घेतलं, तर अर्धा तास टिटवीचंच. पोट कसं भिजवते, पाणी कसं आणते. यजमान माझ्याकडं बघताहेत, मी यजमानांकडं. मग नाना एकदम उठले, आणि म्हणाले, ‘चाल घर.’ झालं. एवढंच.”

तेवढ्यात तिकडून सिंधूअक्कांची हाक आली, “नाना! अहो नाना! निघाली पिल्लं! चारी निघाली! पळताहेत बघा, लवकर या!”

मी नानांकडे पाहिलं. ते हलले नाहीत. बॅग हातातच. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. “नाना, पिल्लं,” मी म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली.

काही तरी बोलायचं म्हणून मी मंगलताईंना म्हटलं, “पण तुम्ही अशा लगेच कशा निघालात? बॅग भरायची, घरचं आवरायचं...”

“बॅग भरलेलीच होती,” मंगलताई म्हणाल्या. “आखाजीच्या आधी दरवर्षी भरून ठेवते. आईची दोन लुगडी आहेत माझ्याकडं, ती पण ठेवते. आखाजीची संध्याकाळ झाली की उपसते. सासूबाई विचारतात, तर सांगते, कपड्यांना हवा देतेय.”

हे त्या अगदी सहज बोलल्या, पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता. मी नानांच्या हातातली बॅग घ्यायला पुढं झाले. “ठेवा ना खाली नाना, जड आहे.” त्यांनी बॅग उलट छातीशी धरली, दोन्ही हातांनी.

“माले उशीर व्हयना... उशीर झाला,” ते म्हणाले. माझ्याशी नाही, मंगलशीही नाही. मान खाली घालून, त्या बॅगेशी.

मंगलताई उठल्या, त्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि पदरानं त्यांचं कपाळ पुसलं. “घाम बघा किती आलाय,” त्या म्हणाल्या.